विहीणबाई ग्वांगझोउच्या, व्याही शियानचे

शियान ते ग्वांगझोउ हे अंतर सरळ रेषेत साधारण तेराशे किलोमीटर आहे. विमानाला दोन तास चाळीस मिनिटं लागतात, वाऱ्यानुसार पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. वेगवान रेल्वेने गेलं तर सात-आठ तास. दोन्हीकडे घड्याळ एकच, कारण अख्खा चीन एकाच वेळेवर चालतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि मी आजवर चीनमध्ये पाऊलही ठेवलेलं नाही.

पाठ असण्याचं कारण म्हणजे माझ्या लेकीचे सासू-सासरे. सासरे शियानला राहतात, सासू ग्वांगझोउला. अकरा वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले आणि तेव्हापासून एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. मुलगा शिकायला म्हणून कॅनबेराला आला, इथेच नर्स झाला, आणि युनिव्हर्सिटीतल्या कुठल्याशा बार्बेक्यूला त्याला माझी लेक भेटली. मुलगा गुणी आहे. माझ्या घरी आला की न सांगता लसूण सोलायला घेतो, आणि एवढ्यावरच मी त्याला पास केलं होतं.

लग्न ठरलं त्या दिवशी लेक माझ्या कॅनबेरातल्या गुंगालिनच्या घरी आली आणि म्हणाली, "आई, मला मोठा हॉल नको, गोल्ड नको. आय ओन्ली वॉन्ट वन थिंग. ऑल फोर ऑफ यू, सेम टेबल, वन मील."

चौघं म्हणजे त्याचे आईवडील, आणि मी आणि तिचे बाबा. इथे माझंही सांगून टाकते. आम्हालाही वेगळं होऊन नऊ वर्षं झाली होती. तो मेलबर्नला क्रेगीबर्नमध्ये राहतो, मी इथे. कोर्टकचेरी झाली नाही, भांडीकुंडी फुटली नाहीत, फक्त बोलणं बंद झालं. जे काही कळवायचं ते लेकीमार्फत. लेकीच्या पदवीदान समारंभालाही आम्ही सभागृहाच्या दोन टोकांना बसलो होतो, आणि नंतर तिला दोन ठिकाणी जेवावं लागलं, बाराला माझ्याबरोबर आणि दोनला त्याच्याबरोबर. दुसऱ्या जेवणाला तिने काय खाल्लं असेल, हे मी कधी विचारलं नाही.

तर मी तिला म्हटलं, "नो वरीज. चौघांना एका टेबलावर बसवते." आणि लगेच चिनी जोडप्याच्या मागे लागले. आपलं काय, आपलं बघू नंतर, असं मनाशी म्हणाले.

एक तर ते माझ्या कामातलंच होतं. मी एका सरकारी खात्यात प्रवासाचे अर्ज मंजूर करते. कोण कुठे चाललं, किती अंतर, विमान किती वेळाचं, मधे किती थांबायचं, हे सगळं माझ्या नजरेखालून जातं. विमानातला वेळ आणि प्रवासाचा वेळ या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजावत असते. शियान-ग्वांगझोउ म्हणजे आकाशात दोन तास चाळीस मिनिटं, पण घराच्या दारापासून दारापर्यंत धरलं तर सहा-सात तास सहज जातात. मी एक छान तक्ता केला. सासऱ्यांनी आदल्या दिवशी ग्वांगझोउला यायचं, आणि तिथून दोघांनी एकाच विमानाने सिडनीला यायचं. नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास. शेजारी बसले तर काहीतरी बोलतीलच, आणि इथे उतरतील तोवर बर्फ वितळलेलं असेल, असा माझा हिशेब.

जावईबापूंनी तो तक्ता चिनीत करून दोघांना पाठवला. वडिलांचं उत्तर आलं: येतो, पण ग्वांगझोउवरून नाही. आईचं उत्तर आलं: येते, पण आधी सांगा, त्या विमानात तो आहे का?

मी चिडले. माझ्या नाकावर राग असतोच, पण हा जरा जास्तच होता. मी म्हटलं, "अरे, दोन तास चाळीस मिनिटांवर राहतात! अकरा वर्षांत एकदा पोराखातर विमानात बसता येत नाही? माणसं आहेत की कोण आहेत?"

मुलगा लसूण सोलत होता. तो शांतपणे म्हणाला, "आँटी, इट्स नॉट द फ्लाइट."

लेक फ्रिजला टेकून उभी होती. तिने विचारलं, "आई, कॅनबेरा टू मेलबर्न किती?"

"एक तास दहा मिनिटं," मी सवयीने बोलून गेले. मग म्हटलं, "ते वेगळं आहे." मी कुकर लावायला उठले.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवसांत फार आवडली. मी मुलाला विचारलं होतं, की तुझी आई माझी कोण लागणार, इंग्रजीत याला काय म्हणतात? इंग्रजीत धड शब्दच नाही. ऑफिसात सांगायचं तर "माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई" अशी लांबण लावावी लागते आणि ऐकणारा मधेच मान डोलावून निघून जातो. मुलगा म्हणाला, आमच्यात शब्द आहे, छिंगज्या. मी म्हटलं, आमच्यात व्याही आणि विहीण. म्हणजे या देशात ज्या नात्याला नावच नाही, ते आम्हा दोघांकडे नावासकट तयार होतं. त्यानंतर मी त्यांच्याबद्दल बोलताना विहीणबाई आणि व्याही असंच म्हणायला लागले.

पण नातं आलं की मानपान आला. विहीणबाईंचं एकच म्हणणं होतं, मुलीने नुसती पांढरी साडी नेसू नये. आमच्याकडे लग्नात वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात, बुद्धवंदना होते, शपथ होते, झालं लग्न. त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पांढरं म्हणजे मयताला जायचे कपडे. बुद्ध दोघांच्याही घरात, आणि घोडं अडलं साडीच्या रंगावर. शेवटी लाल काठाची पांढरी साडी ठरली. मग मीही माझा एक नियम पुढे केला. व्याह्यांना आणायला मुलीच्या आईबापानेच जायचं. विहीणबाईंना मी घेणार, व्याह्यांना तिचे बाबा घेणार. पोरं म्हणाली, आम्ही जातो ना, शिफ्ट बदलून घेतो. मी हटून बसले. ठाण्याला माझ्या लग्नात माझे वडील व्याह्यांना घ्यायला स्टेशनवर जाऊन दीड तास उभे राहिले होते. ही रीत आहे.

रीत पाळायची आणि तिच्या बाबांसमोर यायचं नाही, असा माझा डाव होता. विमानं दोन, दोन्ही सकाळी सिडनीला उतरणारी. ग्वांगझोउचं आधी, शियानचं नंतर. मी कॅनबेराहून गाडी घेऊन जाईन, साडेनऊपर्यंत विहीणबाई बाहेर येतील, पावणेदहाला आम्ही हायवेला लागू. तिचे बाबा मेलबर्नहून विमानाने येतील, तिथेच गाडी भाड्याने घेतील आणि व्याह्यांना घेऊन मागून येतील. व्याह्यांकडे एकच छोटी बॅग होती, म्हणजे ते लवकर सुटणार. मी लेकीला फोनवर सांगितलं, "बाबांना म्हणावं, पावणेअकराला बाहेर पडायच्या दाराशी उभा राहा. उशीर नको." ती म्हणाली, "गॉट इट."

त्या दिवशी मी पहाटे साडेचारला निघाले. गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. आठला विमानतळावर पोचले आणि हातात पाटी धरून उभी राहिले. पाटीवर मुलाने चिनीत त्याच्या आईचं नाव लिहून दिलं होतं. साडेनऊ झाले, दहा झाले, विहीणबाईंचा पत्ता नाही. नंतर कळलं की त्यांनी लग्नासाठी म्हणून वाळवलेले मशरूम, लाल खजुरांसारखी ती चिनी बोरं आणि कसल्या कसल्या मुळ्या आणल्या होत्या. फॉर्मवर सगळं खरं खरं लिहिलं होतं, आणि बाहेरून आलेलं खाणंपिणं तपासणाऱ्या क्वारंटाइनवाल्यांनी एकेक पुडी उघडून पाहिली. या देशात खरं बोलणाऱ्याची बॅग सगळ्यात आधी उघडतात. दहा पस्तीसला त्या बाहेर आल्या. लहानखुऱ्या, लाल कोट, केस नीट कापलेले. मी म्हटलं, "छिंगज्या!" तोंडून ते कसं बाहेर पडलं कोण जाणे, पण त्या मोठ्याने हसल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

आम्ही वळलो आणि समोरच्या दारातून व्याही बाहेर आले. फोटोमुळे मी त्यांना लगेच ओळखलं. उंच, हातात एक छोटी बॅग. दहा बेचाळीस झाले होते. ते थांबले, विहीणबाई थांबल्या. मी गर्दीत तिच्या बाबांना शोधलं, पण ते कुठेच नव्हते.

आता काय करायचं? व्याह्यांना एकटं सोडून जाणं शोभलं नसतं. मी हातानेच दोघांना या या म्हणत कॉफीच्या दुकानापाशी नेलं आणि तिघांना पुरेसं टेबल पकडलं. एका बाजूला विहीणबाई, एका बाजूला व्याही, मधे मी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. मी हसत राहिले. पंधरा मिनिटं हसत राहिलं की गाल दुखतात. मग व्याही उठले, काउंटरवर गेले आणि गरम पाण्याचे दोन कप घेऊन आले. एक माझ्यापुढे ठेवला, एक विहीणबाईंपुढे. त्यांनी तो घेतला, वर न बघता, आणि दोन्ही हातांत धरून बसल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचे बाबा आले. धावत नाही, आरामात, हातात फुलांचा गुच्छ, वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्याचं समाधान चेहऱ्यावर. आम्हा तिघांना पाहिलं आणि जागीच थिजला. नऊ वर्षांत त्याचे केस बरेच गेले होते.

"तू उशिरा आलास," मी म्हटलं. नऊ वर्षांनी त्याला म्हटलेलं पहिलं वाक्य.

"काय बोलतेस? सव्वाअकरा म्हणाली होती ती."

"मी पावणेअकरा म्हटलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. आणि मग आम्हाला दोघांनाही एकदमच हसू फुटलं. काही केल्या थांबेना.

आमची लेक इथे वाढलेली. ती सात वर्षांची असताना याने तिला कागदी ताटलीचं घड्याळ करून मराठीत वेळ शिकवली होती. साडे समजलं, सव्वा समजलं, पण पावणे काही केल्या डोक्यात शिरेना. पावणेपाच म्हटलं की तिला पाच ऐकू यायचे, आणि पाच आहेत म्हणजे पाचच्या पुढेच काहीतरी असणार, असं तिचं पक्कं म्हणणं. त्यापायी ती एकदा पोहण्याच्या क्लासबाहेर अर्धा तास ओल्या केसांनी उभी राहिली होती. मी म्हणायचे, नीट शिकव तिला. हा म्हणायचा, शिकेल हळूहळू, मोठी होईल तेव्हा कळेल. यावरून आमची चांगली जुंपायची. सत्तावीस वर्षांची झाली, आयटीत टीम सांभाळते, आणि पावणे अजून तसंच. तिची ही खोड जगात आम्हा दोघांनाच माहीत होती. आणि मी ते विसरून तिला पावणेअकरा सांगितलं होतं.

विहीणबाई आणि व्याही आमच्याकडे टक लावून बघत होते. विहीणबाईंनी फोन पुढे केला, चिनीत काही बोलल्या, आणि फोन इंग्रजीत म्हणाला की तुम्ही का हसता? लेकीच्या बाबांनी फोनला पावणे समजावून सांगायचा प्रयत्न केला. फोनने हात टेकले. मग त्याने पेपर नॅपकिनवर घड्याळ काढलं, काटा नवावर ठेवला, पुढे अकरा लिहिलं आणि बोटांनी दाखवलं, पाव उणे. अकराला पाव कमी.

व्याह्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नॅपकिन ओढून घेतला, टिचकी मारली आणि म्हणाले, "छा यी ख!" फोनने सांगितलं: एक चतुर्थांश कमी. म्हणजे त्यांच्याकडेही पावणे होतं, अगदी आमच्यासारखंच, उणं धरून. ते "छा यी ख" म्हणून पुढे अकराला चिनीत जे काही म्हणतात ते म्हणाले. आणि विहीणबाईंनी, ज्या इतका वेळ पाण्याच्या कपात बघत होत्या, मान वर करून त्यांना दुरुस्त केलं. त्यांचं म्हणणं, अकरा आधी म्हणायचं आणि कमी मागून. व्याही म्हणाले, नाही, कमी आधी. विहीणबाईंचा आवाज चढला. व्याह्यांनी नॅपकिनवर लिहून दाखवलं, विहीणबाईंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि खाली स्वतःचं लिहिलं. फोन मधल्या मधे गोंधळून काहीबाही बोलत होता. मुलाला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, दोन्ही बरोबर आहे. अकरा वर्षांनी ते दोघं पहिल्यांदा बोलले ते असे, भांडत.

तिचे बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आपण असेच दिसायचो का गं?"

"तू जास्त वाईट," मी म्हटलं.

दोन गाड्या कशाला, म्हणून त्याने भाड्याची गाडी घेतलीच नाही. माझ्या गाडीत चौघं बसलो, मागे ते दोघं आणि मधे मशरूमची पिशवी. गाडी त्याने चालवली. मी तीन तास त्याला लेन सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. वाटेत गोलबर्नला थांबलो तेव्हा विहीणबाई माझ्याजवळ आल्या, फोनमध्ये काही बोलल्या आणि फोन माझ्या कानाशी धरला. फोन म्हणाला: माझ्या शहरापासून त्याच्या शहरापर्यंत तीन तासांपेक्षा कमी. तुझं किती? मी एक बोट वर केलं. त्यांनी ते बोट पाहिलं, आपल्या मुठीत घेतलं आणि धरून ठेवलं. मला फार लाज वाटली. या बाईबद्दल मी स्वयंपाकघरात उभं राहून काय काय बोलले होते.

चार वाजता घरी पोचलो. पोरं अर्धी सुट्टी घेऊन स्वयंपाक करत होती. गाडीचा आवाज ऐकून लेक दारात आली. तिला वाटलं मीच आले, विहीणबाईंना घेऊन. पुढच्या दाराने तिचे बाबा उतरले, मग मी, मग मागून ते दोघं. तिच्या हातात वरणाचा डाव होता. खाली पायरीवर बसली आणि तो डाव तसाच हातात धरून रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, आवाज करून. मी तिच्याजवळ जायला निघाले, तर तिचे बाबा आधीच जाऊन तिच्या शेजारी बसले होते. मग मीही दुसऱ्या बाजूला बसले. पायरी थंडगार होती.

"सॉरी," ती म्हणत होती. "सॉरी, आय डोन्ट नो व्हाय."

तिला माहीत नव्हतं, पण मला कळलं. मी इतके महिने समजत होते की ही तिची लग्नातली हौस आहे. ती अठरा वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो तेव्हा तिला काही विचारलं नव्हतं, आणि तिनेही नऊ वर्षं काही मागितलं नव्हतं. दोन्हीकडे जेवत राहिली.

माझं जेवायचं टेबल चार खुर्च्यांचं आहे. साडेसहाला आम्ही चौघं त्यावर बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि विहीणबाईंच्या मशरूमचं काहीतरी, जे मुलाने केलं होतं. मुलगा ओट्याशी उभा राहून जेवत होता. मी लेकीला म्हटलं, "माझ्या खुर्चीवर बस, मी उठते, तुझं ताट वाढते."

"नको, आई, उठू नको," ती म्हणाली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "मी नंतर जेवते. लेट मी लुक."

आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, आमचं चौघांचं जेवण संपेपर्यंत.